हेअर ड्रायर : महाग घ्यावा की साधा? गरम हवेची सव्वाशे वर्षांची गोष्ट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. माझ्या जुन्या रुग्ण असलेल्या एक आजी मुलीबरोबर दवाखान्यात आल्या. वय सत्तरीच्या आसपास, मधुमेह अठरा वर्षांचा. डाव्या पायाच्या करंगळीजवळ दोन मोठे, पाण्याने भरलेले फोड आले होते. "काय लागलं आजी?" असे विचारले, तर म्हणाल्या, "मला काही कळलंच नाही हो. रात्री हिने पाय पाहिला, तेव्हा समजलं."

दोन आठवड्यांपूर्वी त्या चिखल्यांसाठी आल्या होत्या. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांमध्ये ओल राहते आणि बुरशी वाढते. मलम लिहून दिले आणि निघताना मीच म्हणालो होतो, "बेचक्या अगदी कोरड्या ठेवा. घरात हेअर ड्रायर असेल तर तो वापरा." मुलीने तो सल्ला मनापासून पाळला. घरात ड्रायर नव्हता म्हणून आईसाठी नवा आणला. आता ती मला विचारत होती, "डॉक्टर, साधा नको म्हणून मुद्दाम सहा हजारांचा घेतला. तरी भाजलं कसं?"

चूक ड्रायरची नव्हती आणि मुलीचीही नव्हती. 'फक्त थंड हवा' हे तीन शब्द सांगायला मी विसरलो होतो. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. आजींना गरम हवेचा चटका जाणवलाच नाही.

त्या प्रश्नाने मात्र मला विचार करायला लावले. जास्त पैसे मोजले की वस्तू जास्त सुरक्षित आणि जास्त गुणकारी असणार, असे आपण गृहीत धरतो. हेअर ड्रायरच्या बाबतीत ते कितपत खरे आहे? याचे उत्तर त्याच्या इतिहासात चांगले सापडते. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो आणि मग व्यवहाराचे बोलू.

यंत्राच्या आधी

केस गरम हवेने वाळवणे आपल्याला नवीन नाही. शिकेकाईने न्हाल्यावर उन्हाला पाठ करून बसणे हा सगळ्यात सोपा उपाय. ऊन नसेल तेव्हा शेगडीत निखारे घेऊन त्यावर ऊद किंवा धूप टाकत, वर टोपली पालथी घालत आणि तिच्यावर केस पसरून ठेवत. बाळाला आणि बाळंतिणीला ओवा-शेपाची धुरी देत, ती याच शेगडीवर. ऊब चांगली, पण बंद खोलीतला धूर वाईट. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना तो त्रासदायकच असतो. म्हणून आज मी कोणालाही धुरी द्यायला सांगत नाही.

सांगायचा मुद्दा असा की केस वाळवायला दोनच गोष्टी लागतात. वाहती हवा आणि बेताची ऊब. पुढे जी यंत्रे आली, त्यांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या. तेवढ्याने काम भागले नाही. ती ऊब बेताचीच कशी ठेवायची आणि विजेला पाण्यापासून दूर कसे ठेवायचे, हे शिकण्यात पुढची शंभर वर्षे गेली.

सलूनमधली टोपी आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी

केस वाळवण्याच्या पहिल्या यंत्राचे श्रेय सहसा अलेक्झांडर गोदफ्रॉय या फ्रेंच केशरचनाकाराला दिले जाते. काळ १८९० च्या सुमाराचा. गॅसच्या शेगडीच्या धुराड्याला एक नळी जोडायची, तिच्या दुसऱ्या टोकाला टोपी, आणि त्या टोपीखाली बाईंनी बसायचे, अशी ती रचना. यंत्र अवजड होते आणि ते सलूनमध्येच वापरता येई.

घरात काय करायचे? इथे एक गमतीशीर प्रकार घडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हॅक्यूम क्लीनर आले. ते एका बाजूने हवा ओढतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर टाकतात. मोटारीवरून आलेली ती हवा कोमट असते. पाश्चात्त्य देशांतल्या बायकांनी नळी काढून मागच्या बाजूला लावली आणि केस वाळवायला सुरुवात केली. उत्पादकांनीही मग तसे जोड विकायला काढले आणि जाहिरातीत हा उपयोग दाखवला. म्हणजे घरगुती ड्रायरचा जन्मच मुळी दुसऱ्या एका यंत्राच्या 'वेगळ्या उपयोगातून' झाला. त्यामुळे कोणी ड्रायरने बूट वाळवत असेल तर त्याला हसू नका.

त्याच सुमारास जर्मनीत बर्लिनच्या एका कंपनीने आपल्या ड्रायरला 'फ्योन' हे नाव दिले. आल्प्स पर्वतावरून खाली उतरणाऱ्या कोरड्या, उबदार वाऱ्याला तिकडे फ्योन म्हणतात. नाव इतके रुळले, की जर्मन माणूस आजही कुठल्याही ड्रायरला फ्योनच म्हणतो.

१९२० च्या आसपास अमेरिकेत हातात धरायचे ड्रायर बाजारात आले. धातूचे, जवळजवळ किलोभर वजनाचे आणि ताकद सुमारे १०० वॉट. आजचे ड्रायर १००० ते २००० वॉटचे असतात. त्या ताकदीवर लांब केस वाळवताना हात भरून येत असेल. शिवाय ते भलतेच तापत. प्लॅस्टिक सुधारले आणि मोटारी लहान झाल्या, तेव्हा १९६० नंतर हे यंत्र हलके आणि स्वस्त झाले. १९७० च्या दशकात ते घराघरांत पोहोचले. आणि मग खरे प्रश्न समोर आले.

उष्णता रोखायला घातलेले विष

ड्रायरच्या आत तापलेली तार असते. तिच्यामुळे बाहेरचे प्लॅस्टिक वितळू नये म्हणून मध्ये उष्णतारोधक अस्तर घालावे लागते. त्या काळात अनेक कंपन्या यासाठी ॲस्बेस्टॉस वापरत. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की वर्षानुवर्षे तिथेच राहतात. त्यातून फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. आता विचार करा, तोंडापासून वीतभर अंतरावर धरलेले आणि जोरात हवा फेकणारे यंत्र, आणि त्यात हे अस्तर!

१९७९ साली वॉशिंग्टनच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने हे उघडकीला आणले. अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोगाने चौकशी केली. त्यानंतर प्रमुख कंपन्यांनी ॲस्बेस्टॉस वापरणे थांबवले आणि ग्राहकांना दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत देऊ केले. यात स्वस्त आणि महाग असा भेद नव्हता. नामांकित कंपन्यांचे ड्रायरही त्या यादीत होते.

दुसरा धोका पाण्याचा. ड्रायर न्हाणीघरात वापरला जातो, हात ओले असतात आणि तिकडे टब भरलेले असतात. बटण बंद असले तरी प्लग लावलेला ड्रायर पाण्यात पडला तर विजेचा धक्का बसू शकतो, हे अनेकांना माहीत नव्हते. माणसे दगावली, त्यात मुलेही होती. म्हणून १९९१ पासून अमेरिकेतल्या सुरक्षा मानकांनी अट घातली, की ड्रायर पाण्यात पडताच वीज आपोआप तुटली पाहिजे, मग बटण चालू असो वा बंद. तिकडच्या ड्रायरचा प्लग मोठा डबीसारखा असतो, तो यासाठीच. २०११ मध्ये तिथल्या आयोगाने ही सोय नसलेला ड्रायर धोकादायक वस्तू ठरवला.

पाण्याला किंमत कळत नाही

२०१६ मध्ये डायसन या ब्रिटिश कंपनीने टोकियोमध्ये नवा ड्रायर आणला. अमेरिकेत त्याची किंमत होती ३९९ डॉलर. मोटार लहान करून मुठीत बसवलेली, मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेणारी. बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सेकंदाला अनेक वेळा मोजून उष्णता आवरणारी यंत्रणा. त्यानंतर 'महागडा ड्रायर' हा बाजारातला एक स्वतंत्र वर्गच झाला. आज आपल्याकडे हजार-दीड हजारापासून तीस हजारांच्या वरपर्यंत ड्रायर मिळतात. तीसपट किमतीत तीसपट काय मिळते?

थोडे गणित करू. समजा, टॉवेलने टिपल्यावर लांब केसांत १०० ग्रॅम पाणी उरले. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे एकूण २४० किलोज्यूल. १२०० वॉटचा ड्रायर सेकंदाला १.२ किलोज्यूल उष्णता देतो. एकही कण वाया गेला नाही तरी २०० सेकंद, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटे लागणारच. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता खोलीत जाते, म्हणून दहा मिनिटे धरा. वीज लागली ०.२ युनिट. हे गणित साध्या ड्रायरलाही लागू आणि महागड्यालाही. जोराची हवा वाळण्याचा वेग वाढवते हे खरे. पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टॉवेलने नीट टिपणे. केसांत ५० ग्रॅमच पाणी उरले तर वेळ निम्मा होतो.

आता केसांच्या आरोग्याचे. केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. केस पाणी शोषून सुमारे १५ टक्के फुगतो. त्या अवस्थेत तो नाजूक असतो. २०११ मध्ये कोरियातील त्वचारोगतज्ज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. केसांच्या बटा ३० वेळा धुतल्या आणि वेगवेगळ्या प्रकारे वाळवल्या. काही आपोआप, तर काही ड्रायर १५ सेंटिमीटर, १० सेंटिमीटर आणि ५ सेंटिमीटर अंतरावर धरून. केसांवरचे तापमान अनुक्रमे ४७, ६१ आणि ९५ अंश सेल्सिअस होते. जसजसा ड्रायर जवळ आला तसतशी बाहेरच्या खवल्यांची हानी वाढली, हे अपेक्षितच. पण नवल पुढे आहे. आपोआप वाळलेल्या बटांत आतल्या थरांना जोडणाऱ्या भागाची हानी दिसली. जास्त वेळ ओले राहिल्याने ती झाली असावी, असे संशोधकांना वाटले. त्यांचा निष्कर्ष असा, की ड्रायर १५ सेंटिमीटर दूर धरून सतत हलवत ठेवला तर तो आपोआप वाळवण्यापेक्षा कमी हानी करतो.

हा प्रयोग प्रयोगशाळेतला आणि लहान होता, त्यामुळे त्याला ब्रह्मवाक्य मानू नका. पण एक गोष्ट पाहा. केसांचे बरेवाईट ठरवणारी १५ सेंटिमीटर ही मोजणी म्हणजे जेमतेम वीतभर अंतर. ते तुमच्या हातात आहे आणि फुकट आहे.

अतितापाचा एक नमुनाही वैद्यकीय साहित्यात आहे. त्याला 'बबल हेअर' म्हणतात. ओल्या केसातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते, केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथेच तुटतो. १९९४ मध्ये नोंदलेल्या एका रुग्णात याचे कारण बिघडून जास्त तापणारा ड्रायर हे निघाले. म्हणून जळका वास येणारा, मध्येच बंद पडणारा किंवा मागची जाळी केस-कचऱ्याने तुंबलेला ड्रायर वापरू नका.

मग पैसे कशाचे मोजायचे?

महागड्या ड्रायरमध्ये आवाज सहसा कमी असतो, तो हाताळायला सोयीचा असतो आणि तापमानावर चांगला ताबा असतो. हे फायदे खरे आहेत. पार्लरमध्ये दिवसभर ड्रायर धरणाऱ्या व्यक्तीला मनगटासाठी आणि कानांसाठी त्यांचा उपयोग होईल. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे वापरणाऱ्याला तेवढा फरक जाणवणार नाही.

'आयन', 'टूरमलिन' वगैरे शब्दांवर जास्त पैसे घालवू नका. ऋण आयनांमुळे केसांतली स्थिर वीज थोडी कमी होऊ शकते. पण मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ती तक्रार मुळातच कमी असते. केस निरोगी होतात, वाढतात, गळायचे थांबतात, असे कोणताही ड्रायर करू शकत नाही. केसांचे मूळ त्वचेच्या आत असते, तिथे ही हवा पोहोचत नाही. केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. ड्रायरच्या पैशांत या तपासण्या होऊन पैसे उरतील.

विकत घेताना मी पुढच्या गोष्टी पाहायला सांगेन :

• थंड हवेचे वेगळे बटण हवे.
• उष्णता आणि हवेचा वेग कमी-जास्त करता यावा.
• जास्त तापल्यास आपोआप बंद होण्याची सोय आणि आयएसआय चिन्ह असावे.
• मागची जाळी काढून साफ करता यावी.

हे सगळे मध्यम किमतीच्या ड्रायरमध्ये मिळते. उरलेल्या पैशांतून घराच्या विजेच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. नसेल तर बसवा. तो ड्रायरपासूनच नव्हे, तर गिझर आणि वॉशिंग मशीनपासूनही तुमचा जीव वाचवतो.

अमेरिकेतल्या मुला-सुनेने ड्रायर भेट आणला असेल तर आधी त्यावरचा आकडा वाचा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. व्होल्टेज दुप्पट झाले की उष्णता साधारण चौपट होते. नुसता प्लगचा जोड बदलून तो लावला तर तार जळते, कधी आगही लागते. आणि १९७० च्या दशकात परदेशातून आलेला जुना ड्रायर माळ्यावर असेल, तर आठवण म्हणूनसुद्धा चालू करू नका. कारण वर सांगितलेच आहे.

ड्रायरचे इतर उपयोग : डॉक्टरच्या नजरेतून

*जरूर करा*

प्लॅस्टरमध्ये खाज सुटली तर आपल्याकडे स्वेटरची सुई किंवा पट्टी आत घालून खाजवतात. त्याने आत जखम होते आणि ती चिघळते. त्याऐवजी ड्रायरची थंड हवा कडेने आत सोडा.

पोहून आल्यावर कानात पाणी राहिले तर काडी किंवा हेअरपिन घालू नका. मान तिरकी करून पाणी निथळू द्या. मग कानापासून फूटभर अंतरावर सगळ्यात कमी उष्णता आणि कमी वेग ठेवून ड्रायर हलवत राहा. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा कान वाहत असेल तर हा उपाय नको, आधी डॉक्टरांना दाखवा.

जांघा, काखा, स्तनांखालच्या घड्या इथे पावसाळ्यात गजकर्ण होते. औषधासोबत कोरडेपणा लागतोच. तिथेही फक्त थंड हवा वापरा.

घरात म्हणाल तर मुलांचे ओले बूट आणि गणवेशाची शिलाई वाळवणे, बरणीवरचे लेबल सोडवणे, टेबलावर सांडलेले मेण मऊ करून पुसणे, आरशावरची वाफ घालवणे यासाठी ड्रायर खुशाल वापरा. चिकटपट्टीचा गोंद कोमट हवेने सैल होतो, तेव्हा चिकटलेले लेबल नखाने ओरबाडायची गरज नाही.

*विचारपूर्वक करा*

उवांवर गरम हवेचा प्रयोग अमेरिकेतील यूटा विद्यापीठात झाला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरम हवेने लिखा मोठ्या प्रमाणात मेल्या. जिवंत उवा मात्र घरगुती ड्रायरने तेवढ्या मेल्या नाहीत, त्यासाठी खास बनवलेले यंत्रच जास्त उपयोगी ठरले. म्हणून घरी बारीक फणी आणि डॉक्टरांनी दिलेले औषधच वापरा. उवांची काही औषधे ज्वालाग्राही असतात. ती लावल्यावर ड्रायर अजिबात नको.

*कधीही करू नका*

फ्रीजरमधला बर्फ ड्रायरने वितळवू नका, वितळलेल्या पाण्यात वीज नको. भिजलेला मोबाइल गरम हवेने वाळवू नका, कंपन्या स्वतःच तसे बजावतात. तान्ह्या बाळाला शेकण्यासाठी तर ड्रायर कधीच नको. ड्रायर बंद केल्यावरही पुढची जाळी काही वेळ तापलेली असते, मुले तिला हात लावतात. नाकात गरम हवा सोडून विषाणू मरतात, असे २०२० मध्ये फ्लोरिडातील एका लोकप्रतिनिधीने जाहीर बैठकीत सांगितले होते. तसले संदेश आपल्याही फोनवर फिरले. त्याने विषाणू मरत नाही, नाकाची त्वचा मात्र भाजते.

आणि शेवटचे, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे. मधुमेह असेल, पाय बधिर असतील, अर्धांगवायूने एखादा भाग सुन्न असेल, तर त्या भागावर गरम हवा कधीही नको. गरम पाण्याची पिशवी आणि शेगडीही नको. आधी बेचक्या मऊ फडक्याने टिपा, मग लागलीच तर थंड हवा.

आजींचे फोड भरून यायला पाच आठवडे लागले. एक दिवसाआड ड्रेसिंग, प्रतिजैविके आणि रोज साखर तपासणे. सुदैवाने जखम हाडापर्यंत गेली नाही. मधुमेही पायाची जखम कुठवर जाऊ शकते, हे मी पाहिलेले आहे. ते पाच आठवडे मला शांत झोप लागली नाही.

आता माझ्या टेबलावर चिखल्यांच्या रुग्णांना देण्यासाठी छापलेली चिठ्ठी असते. तिच्यावर पहिलीच ओळ मोठ्या अक्षरांत आहे : ड्रायर वापरलात तर फक्त थंड हवा. तुमचा ड्रायर हजाराचा असो की तीस हजारांचा, त्याच्यावरचे थंड हवेचे बटण आज एकदा शोधून ठेवा. आणि घरात मधुमेही व्यक्ती असेल तर तिचे पाय आज रात्री झोपण्यापूर्वी उजेडात पाहा.